झोप येत नाही? आधी अंथरुणातले तास मोजा

निवृत्त झालेले एक गृहस्थ डॉक्टरांकडे तक्रार घेऊन येतात. "पहाटे तीनला टक्क जाग येते. मग काही केल्या डोळा लागत नाही." झोपता किती वाजता? "आठला. जेवण झालं की बातम्या बघता बघताच पेंग येते." आठ ते तीन म्हणजे सात तास झाले, शिवाय दुपारची वामकुक्षी वेगळीच. यांची झोप कमी झालेली नाही, ती फक्त लवकर सुरू होऊन लवकर संपते आहे. गोळी दिली तर ती नसलेल्या आजारावर दिल्यासारखी होईल.

त्यांच्या शेजारी बसलेला ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर म्हणतो, झोप तर पडल्या पडल्या लागते, पण सकाळी अंग जड, डोकं जड, आणि दुपारी स्टेअरिंगवर डोळे मिटतात. पलीकडच्या बाईंचं वेगळंच: रात्री पाठ टेकली की पायांत काहीतरी वळवळायला लागतं, उठून फेऱ्या मारल्याशिवाय थांबत नाही. तिघंही डॉक्टरांना एकच वाक्य सांगणार, "झोप नीट होत नाही." तिघांचे उपाय मात्र एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले आहेत. म्हणून दूध, जायफळ, ॲप, गोळी या सगळ्याच्या आधी आपली तक्रार नेमकी कोणती, हे ठरवावं लागतं.

झोप कशाने लागते

यामागे दोन यंत्रणा आहेत. झुरिकमधले संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये त्यांची मांडणी केली आणि आजही झोपेचे डॉक्टर तीच वापरतात.

पहिली यंत्रणा म्हणजे झोपेचा दाब. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. तो जितका साठेल तितकी झोप जोरात येते, आणि झोपलं की तो उतरतो. संध्याकाळी सहाला तासभर झोपून रात्री साडेदहाला पुन्हा झोपेची वाट बघणं म्हणजे जेवणाआधी वाटीभर चिवडा खाऊन मग भूक लागत नाही म्हणण्यासारखं आहे.

दुसरी यंत्रणा शरीराच्या घड्याळाची. डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर पेशींचा एक छोटा पुंजका असतो. दिवस कधी, रात्र कधी हे तो ठरवतो, आणि त्याला वेळ कळते ती मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं ते उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. रात्री दोनला झोपून सकाळी दहाला ताजंतवानं उठणाऱ्या कॉलेजच्या पोराला बहुतेक वेळा निद्रानाश नसतो, त्याचं घड्याळ मागे पडलेलं असतं. उठल्याबरोबर अर्धा तास बाहेरच्या उजेडात आणि रात्री दिवे मंद, असं केलं तर ते हळूहळू पुढे सरकतं. आठला झोपणाऱ्या आजोबांना उलटा सल्ला: संध्याकाळचं फिरणं उजेड असताना करा आणि बातम्यांसमोर पेंगू नका.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण निम्मी काळजी तिच्यामुळेच असते. रात्रभर एकसंध झोप कुणालाच लागत नाही. साधारण दीड तासाचं एक चक्र, अशी चार-सहा चक्रं रात्रीतून होतात, आणि मधल्या जागी क्षणभर जाग येणं स्वाभाविक आहे. गाढ झोप बहुतेक पहिल्या काही तासांतच उरकते. वयाबरोबर गाढ झोप कमी होते आणि जाग जास्त वेळा लक्षात राहते. रात्री दोनदा जाग आली म्हणून झोप बिघडली असं होत नाही. जाग आल्यावर परत झोप लागते का आणि दुसरा दिवस कसा जातो, हे महत्त्वाचं.

घोरतो म्हणजे गाढ झोपतो?

आपल्याकडे घोरणाऱ्या माणसाचा हेवा करतात. पडल्या पडल्या घोरायला लागला, काय सुखाची झोप! प्रत्यक्षात ती रात्रभर चाललेली झटापट असू शकते.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. श्वासाची वाट अरुंद झाली की तिथला मऊ भाग थरथरतो, त्याचाच आवाज येतो. वाट पूर्ण मिटली की आवाज थांबतो. घरच्यांना वाटतं, चला, शांत झाला एकदाचा. पण छाती आणि पोट हवेसाठी ओढ घेत असतात आणि हवा आत जात नसते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून उठतो, मोठा फुत्कार येतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. माणसाला यातलं सकाळी काहीही आठवत नाही. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की एक वेळ धरतात, आणि नुसता अडखळला तरी तो मोजणीत येतो. तासाला ५ पेक्षा कमी असेल तर काळजी नाही, १५ च्या पुढे आजार मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. त्या ड्रायव्हरला आठ तास झोपूनही झोप का मिळत नाही, ते आता कळेल.

वाढलेलं वजन, जाड मान, पन्नाशीपुढचं वय, पुरुष असणं या सगळ्याने धोका वाढतो. पण सडपातळ माणसालाही हा आजार होतो, विशेषतः जबडा लहान किंवा मागे असेल तर. पाळी गेल्यानंतर बायकांमध्येही त्याचं प्रमाण वाढतं, आणि तिथे तो हमखास निसटतो, कारण त्या घोरण्याची तक्रार घेऊन येत नाहीत, थकव्याची किंवा झोप न येण्याची घेऊन येतात. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात नसेल तर ॲप्नियाची शंका घ्यायलाच हवी. आणि रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं म्हणून प्रोस्टेट किंवा शुगरला दोष देणाऱ्यांसाठी: बंद वाटेतून श्वास ओढताना छातीतला दाब बदलतो, हृदयाच्या कप्प्यांवर ताण येतो, आणि हृदय मूत्रपिंडांना जास्त पाणी बाहेर टाकायचा निरोप देतं. ॲप्नियावर उपचार झाले की कित्येकांचं रात्रीचं उठणंच कमी होतं.

तपासणीला स्लीप स्टडी म्हणतात. अंगाला तारा आणि पट्टे लावून रात्रभराची नोंद घेतात. काहींना ती घरीही करता येते. आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर मुख्य उपाय सीपॅपचा. मास्कमधून हलक्या दाबाने हवा सोडून घशाची वाट उघडी ठेवणारं हे यंत्र कॉलिन सलिव्हन यांनी सिडनीत तयार केलं आणि १९८१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिले काही दिवस मास्क नकोसा वाटतो, आणि बरीच यंत्रं तेवढ्यावरच कपाटात जातात. मास्कचा आकार बदलून बघा, आठवडाभर टीव्ही बघताना घालून सवय करा, पण एवढ्यात सोडू नका. वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू बंद करणं याचाही उपयोग होतो. ॲप्निया असताना स्वतःच्या मनाने झोपेची गोळी घेणं मात्र धोक्याचं: आधीच सैल असलेला घसा आणखी सैल होऊ शकतो आणि मेंदूचं दचकून उठणं मंदावतं.

"जरा पाय चेपून दे"

पायांची वळवळ असलेल्या त्या बाई. वर्णन करताना त्यांना शब्द सापडत नाही. दुखत नाही, गोळा येत नाही, मुंग्याही म्हणता येणार नाहीत, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. हे विसावल्यावर सुरू होतं, संध्याकाळी आणि रात्री वाढतं, चाललं की थांबतं. एवढं जुळलं तर तो रेस्टलेस लेग्ज नावाचा आजार असण्याची दाट शक्यता. घरोघरच्या आज्या रात्री नातवंडांकडून पाय चेपून घेत, त्यातल्या काहींना नक्कीच हाच त्रास असणार.

याचं सगळ्यात सापडण्याजोगं कारण म्हणजे शरीरातलं लोह कमी असणं. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी लोहाचा साठा रिकामा असू शकतो, त्यामुळे फेरिटिनची तपासणी वेगळी करावी लागते. लॅबच्या कागदावर फेरिटिन ३० किंवा ४० असेल तर ते 'नॉर्मल' छापून येतं, पण या आजारात ते साधारण ७५ च्या खाली असलं तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. गरोदरपणात, पाळीत फार रक्त जात असेल तर, किडनीच्या आजारात हा त्रास जास्त दिसतो. सर्दीच्या काही गोळ्या, उलटी थांबवणारी मेटोक्लोप्रमाइड आणि नैराश्यावरची काही औषधं तो वाढवतात. वर्षानुवर्षं झोपेची गोळी खाणाऱ्या बाईंना खरी गरज लोहाची होती, असं निघालं तर नवल नाही.

चहा, मशेरी आणि लघवीची गोळी

आता सवयींकडे. चहा-कॉफीतलं कॅफिन मेंदूत ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं. त्यामुळे दाब साठलेला असतो, पण जाणवत नाही. प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच-सहा तास लागतात, गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना बरेच जास्त. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकराला अंगात असतंच. "मला चहाने काही होत नाही, मी पिऊन झोपतो" असं म्हणणाऱ्याला झोप लागते हे खरं, पण ती उथळ होऊ शकते, आणि झोपलेल्या माणसाला ते कळायचं कसं? दोन आठवडे दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद करून बघा, वाद घालायची गरज उरणार नाही. कोला, एनर्जी ड्रिंक आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं.

निकोटिनही उत्तेजकच. गावाकडे रात्री झोपताना मशेरी लावणाऱ्या बायकांना आणि दाढेत तंबाखू धरून आडवं होणाऱ्या पुरुषांना हे कुणी सांगत नाही. दारूने झोप पटकन लागते हे खरं, पण ती उतरायला लागली की रात्रीचा दुसरा भाग तुकड्या-तुकड्यांत जातो.

औषधांच्या वेळाही बघाव्यात. बीपीची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली तर रात्र बाथरूमच्या फेऱ्यांत जाणार. स्टेरॉइड संध्याकाळी घेतलं तर डोळे टक्क उघडे. अशा वेळी डॉक्टरांना विचारून गोळी सकाळवर आणता येते का ते बघा, स्वतःच बदलू नका. दमा, थायरॉइडचा वाढलेला जोर, ॲसिडिटी, पाळी जातानाच्या गरम वाफा या सगळ्यांनी झोप मोडते, आणि त्या-त्या आजाराचा उपचार हाच तिथे झोपेचा उपचार. पहाटे लवकर जाग येऊन मन काळवंडलेलं राहत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर नैराश्याचा विचार करावा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

कारण निघून जातं, झोप परत येत नाही

वरचं काहीच नसेल तर? आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने किंवा जास्त, झोपायला पुरेसा वेळ आणि शांत जागा असूनही झोप लागत नाही किंवा टिकत नाही आणि दिवस खराब जातो, याला जुनाट निद्रानाश म्हणतात. सुरुवात बहुतेक वेळा समजण्यासारखी असते. घरातला मृत्यू, मुलीचं लग्न, नोकरीवर टांगती तलवार, तान्हं बाळ. मग तो प्रसंग सरतो आणि झोप मात्र बिघडलेलीच राहते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८० च्या दशकात याचं उत्तर दिलं: आजार सुरू करणारं कारण वेगळं आणि तो टिकवणारं कारण वेगळं. टिकवणारं कारण बहुधा आपणच तयार करतो, तेही अगदी शहाणपणाने. काल झोप झाली नाही म्हणून आज लवकर आडवं होतो. सकाळी डोळा लागला म्हणून उशिरा उठतो. दुपारी भरपाई करतो. त्यामुळे झोपेचा दाब कमी पडतो, अंथरुणातले जागे तास वाढतात, आणि काही आठवड्यांत अंथरूण दिसलं की मेंदू तळमळीची तयारी करायला लागतो. हॉलमध्ये डुलक्या देणारा माणूस पलंगावर पडताच खडखडीत जागा होतो, तो यामुळे.

उपाय ऐकायला उफराटा आहे: अंथरुणातला वेळ कमी करायचा. हिशोबच मांडून बघू. समजा, पंचावन्न वर्षांच्या एक बाई साडेनऊला पडतात आणि साडेसहाला उठतात. दोन आठवडे त्या रोज सकाळी वहीत तीन गोष्टी अंदाजाने लिहितात: किती वाजता पडले, किती वेळ जागी होते, किती वाजता उठले. सरासरी निघते ती अशी: अंथरुणात ९ तास, झोप पावणेसहा तास. म्हणजे ६४ टक्के. हे प्रमाण ८५ च्या आसपास हवं. आता त्यांना अंथरुणात फक्त सहा तास मिळणार. उठायची वेळ आधी पक्की करायची, सकाळी सहा, रविवार असो की दिवाळी. मग झोपायची वेळ आपोआप बारा ठरते. बाराच्या आधी पलंगाकडे फिरकायचं नाही, दुपारी झोपायचं नाही. पहिला आठवडा वाईट जातो. दहा वाजता डोळे मिटायला लागतात आणि हे सांगणाऱ्या डॉक्टरांना शिव्या द्याव्याशा वाटतात. पण तोच तो हरवलेला दाब. आठवड्याने वहीत सहा तासांपैकी पाच तास वीस मिनिटं झोप दिसली, म्हणजे ८९ टक्के, की झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे: पावणेबारा. असं दर आठवड्याला, दिवसा ताजंतवानं वाटू लागेपर्यंत. अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली कधीच आणायचा नाही. बायपोलर आजार किंवा फिट्स येत असतील, किंवा वाहन, यंत्र चालवायचं काम असेल, तर हे एकट्याने करू नका.

याला जोडून दुसरा नियम आहे, रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितलेला. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. मंद उजेडात कंटाळवाणं काहीतरी करायचं, उद्याच्या भाजीच्या शेंगा निवडायला हरकत नाही, आणि डोळे जड झाले की परत यायचं. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. मनातल्या यादीसाठी संध्याकाळीच पंधरा मिनिटं काढून ती कागदावर उतरवायची. मनगटावरच्या घड्याळाने सकाळी दिलेला झोपेचा स्कोअर बघणं तूर्त बंद. झोपेच्या टप्प्यांचा त्याचा अंदाज कच्चा असतो, आणि आकडा वाईट आला की आपण उगाच थकतो.

या सगळ्याला मिळून सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे निद्रानाशासाठी विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार द्यावा असं सांगितलं. आपल्याकडे तो करून घेणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांतही शोधावे लागतात, आणि चिठ्ठीवर गोळी लिहायला अर्धं मिनिट लागतं. गोळ्या जास्त खपतात यामागे हेही कारण आहे.

मोबाईल दूर ठेवा, खोली थंड ठेवा, हलकं जेवा हे सल्ले चुकीचे नाहीत, पण जुनाट निद्रानाश एवढ्याने हटत नाही. मे महिन्यात नागपुरात खोली थंड ठेवा म्हणणं तर चेष्टाच. झोप लागताना शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, म्हणून तिथे पंख्यासमोर ओला पंचा किंवा गच्चीवरची झोप कामाला येते. तळपायांना काश्याच्या वाटीने तेल चोळणं मला पटतं: पाय ऊबदार झाले की आतली उष्णता बाहेर पडते, शिवाय कुणीतरी पाय चोळतंय हे सुख आहेच. जायफळ चिमूटभरच, जास्त झालं तर ते विषारी ठरतं. आणि डीजे वाजत असेल तर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सण-उत्सवांना वर्षातल्या काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळू शकते, पण रोजच्या वरातींना नाही.

अल्प्राझोलाम या झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या औषधाची 'अर्धी गोळी' कितीतरी घरांत वर्षानुवर्षं चालू असते. ही गोळी एच-वन यादीत आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाही आणि दुकानदाराने विक्रीची नोंद ठेवायची. काही दिवसांच्या संकटात ती उपयोगी पडते. महिनोन्‌महिने घेतली की तिची सवय लागते, आणि म्हाताऱ्या माणसांत रात्री तोल जाऊन मांडीचं हाड मोडण्याचा धोका वाढतो. हे वाचून एकदम बंद मात्र करू नका: झोप दुपटीने रुसते, कधी फिट्सही येतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी उतरवायची. मेलाटोनिन ही वेगळी चीज आहे. ते घड्याळाला रात्र झाल्याची खूण देतं, गुंगी फारशी आणत नाही. मागे पडलेल्या घड्याळाला त्याचा उपयोग, जुनाट निद्रानाशात फारसा नाही.

घोरणं आणि दिवसाची पेंग असेल तर छातीविकार किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ, मन खचलेलं असेल किंवा गोळी सोडायची असेल तर मनोविकारतज्ज्ञ, आणि काहीच ठरत नसेल तर आपले नेहमीचे फॅमिली डॉक्टर. जाताना दोन आठवड्यांची वही न्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्या. रात्री तुम्ही काय करता, ते त्यालाच ठाऊक असतं.